कोरडवाहू स्वभाव आणि देशांची श्रीमंती

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. एम.ए.च्या वर्गात त्याने ऐकलं की देश श्रीमंत होतात किंवा गरीब राहतात ते मुख्यतः संस्कृतीमुळे. काही समाज कष्टाळू, काटकसरी आणि एकमेकांवर विश्वास टाकणारे असतात, काही नसतात. घरी आल्यावर वडीलही तेच बोलले : "आपला मानूसच आयशी हाय. तिकडे सांगली-कोल्हापूरकडे पाहा." आता त्याला गावातल्या दहा-पंधरा कास्तकारांचा गट करून कापूस एकत्र विकायचा आहे. तो विचारतो, आपली संस्कृतीच अशी असेल आणि ती शेकडो वर्षांच्या इतिहासातून आली असेल, तर हा खटाटोप करायचा कशाला?

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. संस्कृती आणि इतिहास यांचा अर्थकारणावर परिणाम होतो का? होतो, आणि खोलवर होतो. पण म्हणून माणसाच्या हातात काही उरत नाही का? तसं नाही, उरतं, असं माझं ठाम उत्तर आहे. मी सव्वीस वर्षं बँकेच्या ग्रामीण शाखांमधून शेतीकर्जाचं काम केलं. पहिली चौदा यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या पट्ट्यात, पुढची बारा भंडाऱ्याकडे धानाच्या पट्ट्यात. जे सांगतो ते त्या अनुभवावरून. दुसऱ्या भागात, दुसऱ्या पिकात काम केलेल्या माणसाचं मत वेगळं असू शकतं.

आधी 'आळशी' या शब्दाबद्दल बोलतो, कारण तो मला लागतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सात एकरवाल्या एका कास्तकाराच्या फायलीवर मी शेरा लिहिला होता, 'कर्जदार सुधारित शेतीबाबत उदासीन.' मंजूर झालेल्या पीककर्जातलं त्याने निम्मंच उचललं होतं. बियाणं साधं घेतलं, खत अर्धं टाकलं. मी त्याला जरा रागानेच कारण विचारलं. शाखेबाहेर कडुनिंबाखाली तो उकिडवा बसला, खिशातून खताचं बिल काढलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने मागच्या दहा वर्षांचा पाऊस मांडला. दोन वर्षं चांगली. चार मध्यम. तीन वर्षं बोंडं धरायच्या वेळी पाऊस गायब. एका वर्षी दुबार पेरणी. प्रत्येक वर्षापुढे पूर्ण खर्च केला असता तर काय आलं असतं, अर्धा केला तर काय आलं, हे दोन आकडे. मग म्हणाला, "साहेब, चांगल्या साली थोडं कमी भेटलं तं चालते. वाईट साली वावर गेलं तं ते वापस नाही येत."

तो हिशेब मी नंतर घरी बसून पुन्हा केला. बरोबर होता. ज्याच्याकडे विहीर नाही, विमा नाही आणि एका नापिकीनंतर सावकाराचंच दार उरतं, त्याने कमी खर्चाची, कमी उत्पन्नाची शेती करणं हाच शहाणपणा आहे. तो बापाकडून मुलाकडे जातो, मुलाकडून नातवाकडे. पुढे हिशेब विसरला जातो आणि 'आपल्यात असंच करतात' एवढं उरतं. बाहेरच्या माणसाला ती संस्कृती दिसते, आणि वाईट म्हणजे घरच्यांनाही ती संस्कृतीच वाटू लागते.

सहा वर्षांनी त्याच माणसाला सरकारी योजनेतून विहीर मिळाली, वर्षभराने वीजजोडणी आली. लाईन रात्रीची. मी सकाळी पाहणीला गेलो तर गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात बॅटरी, डोळे लाल. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत तो हरभऱ्याला पाणी देत होता. डिसेंबरची थंडी होती. तोच माणूस, त्याच मातीचा. मधल्या काळात त्याला कोणी कष्टाची शिकवण दिली नव्हती. पाणी आलं होतं.

पण इथे एक गोष्ट मी लपवणार नाही. पाणी आल्यावर पहिली दोन वर्षं त्याने हरभरा पेरलाच नव्हता. पऱ्हाटी आणि ओळीत तूर, पूर्वीसारखंच. विहीर भरलेली, मोटर बसवलेली आणि रब्बीत वावर रिकामं. तिसऱ्या वर्षी शेजाऱ्याचं पाहून पेरला. परिस्थिती बदलते त्या दिवशी सवय बदलत नाही, ती मागून येते. एका माणसाला दोन वर्षं लागली. गावाला दहा लागतील, देशाला एक-दोन पिढ्या. इतिहास आणि संस्कृतीचा अर्थकारणावर जो परिणाम होतो, त्यातला मोठा भाग म्हणजे हा मागे रेंगाळणारा काळ, असं माझं मत आहे.

आता देशांकडे पाहू. तुमच्या वर्गात जे सांगितलं त्याचं मूळ जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्यापर्यंत जातं. १९०४-०५ मध्ये त्यांनी मांडलं की युरोपातल्या प्रोटेस्टंट पंथाच्या शिस्तीने, काटकसरीने आणि कामाला धर्म मानण्याने आधुनिक भांडवलशाहीला बळ दिलं. पुढे त्यांनी चीन आणि भारताच्या धर्मविचारांचाही अभ्यास केला आणि तिथे अशी प्रेरणा आतून उभी राहिली नाही असं म्हटलं. मोठा विचारवंत, त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपान, दक्षिण कोरिया, तैवान, सिंगापूर वर आले तेव्हा अनेक अभ्यासक म्हणू लागले की कन्फ्यूशिअसची शिकवण, शिक्षणाचा आदर आणि कुटुंबाची शिस्त यामुळेच ते वर आले. जी संस्कृती आधी अडसर होती तीच आता कारण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज प्रवासी जर्मनांना मंद आणि कामचुकार म्हणत. जपानी कामगारांबद्दलही परदेशी पाहुण्यांनी असंच लिहून ठेवलं आहे. आज कोणी म्हणेल का?

कोरियाचं उदाहरण तर डोळ्यांत भरणारं आहे. १९४५ मध्ये ३८ अंश अक्षांशाच्या रेषेवर देश दुभंगला. भाषा एक, जेवण एक, पूर्वज एक, हजारो वर्षांचा इतिहास एक. जड उद्योग तर तेव्हा उत्तरेकडे जास्त होते. आज एका बाजूचा देश जगाला जहाजं आणि मोबाईल विकतो, दुसऱ्या बाजूला अन्नाची भ्रांत आहे. फरक कशाने पडला? राज्य कसं चालवलं, जमीन कोणाला दिली, व्यापाराची मुभा कोणाला होती, यांनी.

आपल्या देशाचंच घ्या. १९५० ते १९८० या काळात आपली अर्थव्यवस्था वर्षाला साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढत होती. अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी त्याला 'हिंदू विकासदर' असं नाव दिलं आणि ते इतकं रुळलं की ही धर्माचीच खूण आहे असं लोकांना वाटू लागलं. नंतर धोरणं बदलली आणि तोच देश, तीच माणसं सहा-सात टक्क्यांनी वाढू लागली. एवढ्यात कोणाचा धर्म बदलला नव्हता.

वडिलांनी सांगली-कोल्हापूरचं नाव घेतलं म्हणून पश्चिम महाराष्ट्राबद्दल. १८७५ मध्ये पुणे-नगर भागातले शेतकरी कर्जाने इतके पिचले होते की त्यांनी सावकारांची दप्तरं आणि कर्जरोखे जाळले. सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली आणि गावोगाव पसरली. त्या वेळी तिथल्या कुणब्याला कोणी उद्यमशील म्हणत नव्हतं. त्यानंतर १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला आणि सरकारने दुष्काळ निवारणासाठी कालवे काढायला घेतले. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, प्रवरेचं पाणी शेतात आलं, ऊस आला. आणि त्याच प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. सहकार पाहताना लोक पुढाऱ्यांची जिद्द पाहतात. जिद्द होतीच, मी तिला नमस्कार करतो. पण तिच्या पायाखाली काही दशकांचं पाणी होतं. उसाला पाणी हमखास, उत्पन्न हमखास, आणि तोडलेला ऊस लगेच गाळावाच लागतो म्हणून एकत्र येणं भाग. कापूस घरात भरून ठेवता येतो. ज्याला गरज असेल तो आज विकतो, ज्याची ऐपत असेल तो मार्चपर्यंत थांबतो. पिकाच्या जातीतच एकी आणि बेकी दडलेली असते, हे बँकेच्या टेबलावर बसून मला फार उशिरा कळलं.

मग आपला इतिहास काय? १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्याच वर्षी नागपूरचे रघुजीराजे भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी ते राज्य खालसा झालं. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव आभाळाला भिडले. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले. पऱ्हाटी मात्र राहिली आणि तिच्यासाठी काढलेलं कर्जही राहिलं. काही वर्षांनी मुख्य लोहमार्गापासून खामगाव आणि अमरावतीच्या कापूस बाजारापर्यंत फाटे टाकले गेले. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. रेल्वे होती, बाजार होता, सरकी काढून गाठी बांधणारं जिनिंग-प्रेसिंग होतं. धरण नव्हतं. नगर-पुण्याकडे दुष्काळाने कालवे आणले, आपल्याकडे पैसा गेला गाठी बाहेर नेण्याच्या सोयीत. नागपूरला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, हिंगणघाट-पुलगावलाही गिरण्या झाल्या, पण बहुतेक कापूस तेव्हाही गाठ बांधून बाहेर जात होता आणि आजही जातो.

आता एक गुंतागुंत सांगतो, कारण परीक्षेपुरतं उत्तर मला द्यायचं नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ मध्ये एक गाजलेला अभ्यास मांडला. इंग्रजांनी जिथे जमीनदारांमार्फत सारा वसूल केला, ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीतली गुंतवणूक, उत्पादन आणि शाळा यांत मागे पडले. जिथे रयतेशी थेट व्यवहार होता ते पुढे गेले. दीडशे वर्षांपूर्वीची वसुलीची पद्धत आजही दिसते, म्हणजे इतिहास किती लांबवर पोचतो पाहा. पण हे आपल्याकडे लावून बघा. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे रयतेशी थेट व्यवहार; नागपूर-भंडारा-चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) मालगुजारी, म्हणजे गावचा सारा मालगुजारामार्फत. त्या हिशेबाने वऱ्हाडातला कास्तकार सुखी असायला हवा. आणि २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं त्यातले पाच वऱ्हाडातले निघाले, सहावा वर्धा. अभ्यास चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तो देशभराच्या सरासरीबद्दल बोलतो. माझा तर्क असा की रयतवारीने कास्तकाराला जमिनीचा मालक केलं आणि त्याबरोबर ती गहाण टाकण्याची मोकळीकही दिली. पाणी असतं तर त्या मालकीने गुंतवणूक आणली असती. पाणी नव्हतं, पीक बाजाराचं होतं, तेव्हा त्याच मालकीने सावकार आणला. सारखाच कायदा दोन वेगळ्या मातीत दोन वेगळी फळं देतो.

एकी आपल्या रक्तातच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी भंडाऱ्याच्या साकोली-लाखांदूरकडे यावं. पूर्व विदर्भात सहा हजारांच्या वर जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या माणसांनी बांधलेले. आज त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. माझ्या शाखेच्या एका गावात तलावाच्या पाळीवर एका म्हाताऱ्या बाबांसोबत मी तासभर बसलो होतो. त्यांनी काठीने दाखवलं, कोणत्या घराने पाळीचा कोणता तुकडा सांभाळायचा हे ठरलेलं असे. उन्हाळ्यात गाळ काढायचा, तो बैलबंडीने बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात टाकायचा. पाणी कोणत्या बांधीला आधी, कोणत्या नंतर, हे सगळ्यांना तोंडपाठ. मालगुजाराचा धाक होता, बेगारही होती, हे मी गोड करून सांगत नाही. पण पाळ उभी होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, जायलाच हवी होती, आणि तलाव सरकारच्या नावावर झाले. बाबा म्हणाले, "मग लोक म्हणाले, तलाव सरकारचा, त गाळ बी सरकारनंच काढावा." एका पिढीत गाळ साचला, पाळीवर बाभळी उगवल्या, सांडवा फुटला. शेकडो वर्षांची एकत्र काम करण्याची रीत, आणि ती मोडायला मालकीच्या एका नोंदीतला बदल पुरला.

याच्या उलट मेंढा-लेखा पाहा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटंसं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. एकमताने निर्णय घ्यायची, सगळे बसून बोलायची रीत त्यांच्यात आधीपासून होती. पण त्या रितीतून पैसा उभा राहिला तो वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर आणि २०११ मध्ये गावाने स्वतःचा बांबू विकल्यावर. रीत होती तेव्हा हक्क नव्हता. हक्क आला तेव्हा रीत तयार होती. दोन्ही जुळलं म्हणून गाव चाललं. नुसता हक्क मिळालेली आणि तो ठेकेदाराच्या हाती देऊन बसलेली गावंही असतात.

म्हणून संस्कृती काहीच नाही असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी ती कायद्यालाही दाद देत नाही. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभरात २००५ पासून आहे. तरी माझ्यासमोर किती बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या याची गणती नाही. कोणी जबरदस्ती करत नव्हतं. "माहेर तुटंल," एवढंच त्या म्हणत. याचा आर्थिक परिणाम मी पाहिला आहे. नवऱ्याने जीव दिल्यावर तिशीतली बाई दोन लेकरं घेऊन कर्जासाठी येते, शेती तीच करते, गेली दहा वर्षं तीच करत होती, आणि सातबारा सासऱ्याच्या नावावर. मी तिला पीककर्ज देऊ शकत नव्हतो. ती सावकाराकडे गेली. हे पावसाने केलेलं नाही, पाण्याने सुटणारही नाही. जातीचंही तसंच. गावाच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाला वजनकाटा हाताळू देत नसेल तर गट कागदावरच राहतो.

'आपल्याकडे शिक्षणाची आवड नाही' हेही ऐकतो. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के होती, अमरावतीची ८७, अकोल्याची ८८. गाडगेबाबांनी गावोगाव झाडू घेऊन फिरत मुलांना शाळेत घाला म्हणून सांगितलं, पंजाबराव देशमुखांनी बहुजनांच्या पोरांसाठी शाळा-वसतिगृहं काढली, तुकडोजी महाराजांनी गावालाच देव मानायला शिकवलं. ती पेरणी उगवली. शिकलेल्या पोरांना गावात काम नाही, म्हणून ती पुण्याला गेली. ही उणीव संस्कृतीच्या खात्यात कशी टाकायची?

थोडक्यात, कोणाच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी मी तीन गोष्टी तपासतो. त्याच्या डोक्यावर जोखीम किती आहे, नियम कोणाच्या बाजूचा आहे, आणि मागच्या वेळी विश्वास टाकला तेव्हा काय झालं. यातूनही काही उरलं तर त्याला मी संस्कृती म्हणतो. हक्कसोडपत्रासारखं काहीतरी उरतंच.

आता तुमचा गट. गावात लोक का एकत्र येत नाहीत, याचं कारण या तिसऱ्या गोष्टीत, मागच्या वेळच्या विश्वासात सापडेल असं मला वाटतं. पंधरा जण नको, सात-आठ घ्या, आणि ते एकाच भावकीचे नकोत. अनुदानासाठी सुरुवात करू नका, अनुदान थांबलं की गट थांबतो. पहिल्या वर्षी एकच काम करा : एक वेचणी एकत्र विका. खेडा खरेदीला येणारा व्यापारी काट्यात आणि ओलाव्यात कापतो, म्हणून आपला काटा आणि ओलावा मोजायचं यंत्र आधी घ्या. आठ टक्के ओलावा हा सीसीआयचा, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाचा पाया आहे, बाराच्या वर ते घेत नाहीत. कापूस दोन ऊन दाखवून वाळवलात, कवडी (खराब, डागी कापूस) आणि पालापाचोळा वेगळा केलात आणि एकाच गाडीतून जिनिंगला नेलात तर फरक त्याच दिवशी हातात दिसेल. वजनाची वही बाईकडे द्या. माझ्या अनुभवात बचत गटांच्या बायकांनी लिहिलेल्या वह्या कधी हरवल्या नाहीत. आणि ती वही पारावर उघडी ठेवा, न आलेल्यांनाही पाहू द्या. पहिल्या वर्षी फार लोक येणार नाहीत. माझ्या कास्तकाराने भरलेल्या विहिरीशेजारी दोन रब्बी वाया घालवल्या होत्या, हे ध्यानात ठेवा.

पण यातलं काहीही करण्याआधी गावातली जुनी सेवा सोसायटी, म्हणजे कर्ज देणारी सहकारी संस्था, कधी आणि कशी बुडाली ते विचारा. प्रत्येक गावात एक तरी बुडालेली संस्था असते. कोणाचं भागभांडवल गेलं, कोणाच्या नावावर न घेतलेलं कर्ज निघालं, कोण अध्यक्ष होतं, त्याचा नातू आज तुमच्या गटात येऊ पाहतो का. हे तुमच्या वडिलांना ठाऊक असेल. त्यांनाच आधी विचारा, आणि मधे न बोलता ऐका.